खिडकीच्या अलीकडचा माणूस

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



परदेशी शिक्षणाचा विषय निघाला, की आपलं बोलणं दोन वाटांनी जातं. एक वाट आपल्या मुलांची. ती तिकडे जातात, मग त्यांचा खर्च, त्यांचा व्हिसा, त्यांची नोकरी. दुसरी वाट तिकडच्या विद्यापीठांची. ती आता इकडे येऊ लागली आहेत. गुरुग्रामला २०२५ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाचं संकुल सुरू झालं, आणखी काहींची नजर मुंबईवर आहे. कुणी त्याचं कौतुक करतं, कुणी काळजी. या दोन्ही वाटांवर एक माणूस बसलेला असतो, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. विद्यापीठात किंवा मोठ्या कॉलेजात ‘परदेशी विद्यार्थी कक्ष’ अशी पाटी असलेली एक खोली असते. तिथे काचेच्या खिडकीच्या अलीकडे हा बसतो. पलीकडून एक पासपोर्ट आत सरकतो. नेपाळचा नसतो, कारण नेपाळी मुलाला पासपोर्ट लागत नाही. पण येमेनचा असतो, टांझानियाचा असतो, इराणचा असतो. हा तो उघडतो, आणि पुढची तीन-चार वर्षं त्या मुलाची या देशातली निम्मी कामं याच्याच टेबलावरून जाणार असतात.

माझा प्रश्न साधा आहे. या माणसाला हे काम शिकवतं कोण?

हा प्रश्न विचारणारा मी कोण, असं तुम्हाला वाटेल. मी कवी आहे. शिक्षण म्हणाल तर बी. ए., तेही मराठी घेऊन. पण कवितेवर घर चालत नाही, म्हणून बरीच वर्षं मी पुण्यात परदेशी मुलांना बोलायपुरतं मराठी शिकवतो. रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, मेसच्या मावशींशी बोलता यावं इतकं. त्या निमित्तानं या कक्षांमध्ये माझं जाणं-येणं झालं. पुढे तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी एखादं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं, की तासभर बोलायला मलाही बोलावू लागले. विषय ठरलेला असतो : ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’. या दोन शब्दांची मला जरा भीती वाटते. ते का, ते पुढे सांगतो.

आधी थोडा हिशोब. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार आपल्याकडे सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी होते, सुमारे १७० देशांतून आलेले. त्यांत सर्वांत जास्त नेपाळचे. उलट, परदेशात शिकणाऱ्या भारतीयांचा सरकारी आकडा २०२४ मध्ये १३ लाखांवर गेला. म्हणजे आपल्याकडे येणारी मुलं मूठभरच. पण १७० देशांची मूठ आहे ही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सांगितलं, की जिथे जिथे परदेशी विद्यार्थी आहेत, त्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी वेगळं कार्यालय असावं. पुढच्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. कार्यालयं झाली. पाट्या लागल्या. काही ठिकाणी भिंतीवर जगाचा नकाशाही लागला. नकाशा लावायला एक दिवस पुरतो. खुर्चीवर बसणारा माणूस तयार व्हायला किती दिवस लागतात, याचा उल्लेख मात्र कुठल्या परिपत्रकात मला सापडलेला नाही.

शिक्षकांची सोय आपण केली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग आले, ते पदोन्नतीशी जोडले गेले. पुढे त्या केंद्रांची नावं बदलत गेली आणि २०२३ पासून ती मालवीय यांच्या नावानं चालतात. त्यांचा सारा भर शिक्षकांवर. कारकून, अधीक्षक, वसतिगृहाचा रेक्टर यांच्या वाट्याला क्वचित एखादा वर्ग आलाच, तर त्यात संगणक असतो, नाहीतर ताणतणावाचं व्यवस्थापन असतं. ते व्याख्यान जेवणानंतर ठेवतात, त्यामुळे ताण आपोआपच उतरतो.

दुसरीकडे काय झालं, तेही पाहू. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर बाहेरच्या मुलांचे लोंढे आले, तेव्हा त्यांना सल्ला देणाऱ्या कर्मचाऱ्यांनी १९४८ मध्ये स्वतःची संघटना काढली. ती आज ‘नाफ्सा’ या नावानं ओळखली जाते. ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये तसंच एक मंडळ झालं. युरोपात १९८९ मध्ये ॲमस्टरडॅमला तिथल्या लोकांची संघटना उभी राहिली. या संस्था प्राध्यापकांच्या नव्हेत, हे लक्षात घ्या. खिडकीच्या अलीकडे बसणाऱ्यांनीच त्या बांधल्या. आपलं काम हा एक व्यवसाय आहे, त्याला विद्या लागते, आणि ती एकानं दुसऱ्याला द्यावी लागते, हे त्यांनी आधी स्वतः मानलं. आता युरोपच्या इरॅस्मस योजनेत विद्यार्थ्यांसारखाच कर्मचाऱ्यालाही दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात काही दिवस ते दोन महिने शिकायला जाता येतं. पोर्तुगालचा कारकून फिनलंडच्या कारकुनाशेजारी आठवडाभर बसतो आणि तो अर्ज कसा तपासतो ते पाहतो. परिसंवादापेक्षा मला हे शेजारी बसणंच जास्त कामाचं वाटतं. आपल्याकडे सुतार असाच तयार होतो, आचारीही असाच तयार होतो.

तिकडे सगळं छान आहे, असं मात्र समजू नका. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ज्या सरकारी संगणक प्रणालीत असते, तिला ‘सेविस’ म्हणतात. २०२५ च्या वसंतात तिथल्या सरकारनं हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी अचानक रद्द केल्या. त्यांत भारतीय मुलंही होती. अनेक ठिकाणी ना विद्यार्थ्याला पत्र गेलं होतं, ना विद्यापीठाला. सल्लागार कर्मचारी सकाळी संगणक उघडून एकेक नाव तपासत होते, तेव्हा कळत होतं. मुलाला फोन करून काय सांगायचं, काय सांगायचं नाही, वकील कुणाला गाठायचा, हे त्यांनी ठरवलं. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि नोंदी परत सुरू झाल्या. आपल्याकडच्या ज्या आईबापांची मुलं तिकडे आहेत, त्यांना त्या दिवसांत कळलं असेल, की डीनपेक्षा हा खिडकीतला माणूस जाणता असणं किती महत्त्वाचं आहे.

आता आपल्या खिडकीवर येऊ. पहिलाच घोळ होतो तो नावाचा.

आपला फॉर्म म्हणतो : आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला ही निसर्गाचीच रचना वाटते. इथिओपियाचा मुलगा खिडकीशी उभा राहतो. त्याच्याकडे आडनाव नावाची वस्तूच नाही. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजोबांचं. सोमालियात तसंच. इंडोनेशियातून येणाऱ्या कितीतरी मुलांचं नाव एकच शब्दाचं असतं. संगणकावरचा फॉर्म तर रकाना भरल्याशिवाय पुढेच जात नाही. मग कारकून काहीतरी भरतो. आजोबांचं नाव आडनाव होतं, किंवा एकच नाव दोनदा लिहिलं जातं. तीन वर्षांनी पदवी प्रमाणपत्रावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं आणि पोलिसांच्या नोंदीत तिसरं. मुलगा आपल्या देशात परततो आणि तिथलं खातं विचारतं, हा माणूस कोण? पदवी असून नसल्यासारखी.

हे मी अधिकारवाणीनं सांगू शकतो, कारण नावांचं आमच्या घरातही तेच आहे. आमच्या भागात मुसलमानांची आडनावं मुलाणी, शिकलगार, अत्तार, तांबोळी, बागवान, इनामदार. धंद्यावरून, वतनावरून पडलेली. त्याच घरातला एक भाऊ कागदावर ‘शेख’ आणि दुसरा ‘मुलाणी’ असतो, कारण दोघांना शाळेत घालणारे मास्तर वेगळे होते. मी प्रशिक्षणात हे सांगतो, तेव्हा लोक हसतात आणि मग आपापल्या घरचे किस्से सांगू लागतात. कुणाच्या आजीचं नाव सातबाऱ्यावर एक, रेशनकार्डावर एक. तिथून इथिओपियाला जाणं सोपं जातं.

तारखांचंही असंच. इराण आणि अफगाणिस्तानातली कागदपत्रं बऱ्याचदा सौर हिजरी वर्षात असतात. तिथलं १३८० म्हणजे आपलं २००१-०२. वर्ष सुरू होतं मार्चमध्ये, वसंतसंपाताला. इथिओपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं, आणि आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. अफगाणिस्तानातल्या जुन्या ओळखपत्रात तर जन्मतारीख नसायचीच. अमुक साली याचं वय दहा वर्षं, एवढंच लिहिलेलं. त्यावरून पासपोर्ट करताना किती मुलांना १ जानेवारी ही जन्मतारीख चिकटली. एका कक्षातल्या बाई मला म्हणाल्या, “सर, ओळीनं पाच जणांची तारीख एकच. मला वाटलं, कागद खोटे आहेत.” मी म्हटलं, “मॅडम, तुमच्या वडिलांची जन्मतारीख काय?” त्या क्षणभर थांबल्या. “१ जून,” म्हणाल्या आणि हसत सुटल्या. आपल्या खेडोपाडी शाळेत नाव घालताना मास्तरांनी निम्म्या गावाला १ जून ही तारीख वाटून टाकली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. पण समोर परका पासपोर्ट आला, की आपण ते विसरतो आणि आपल्याला लबाडी दिसू लागते.

म्हणून मला ‘सांस्कृतिक संवेदनशीलते’ची भीती वाटते. त्या नावाखाली पडद्यावर एक तक्ता येतो. अरब असे असतात, आफ्रिकी तसे असतात, जपानी मान लववतात. असा तक्ता पाठ करून बसलेला कारकून न शिकलेल्या कारकुनापेक्षा अवघड. कारण न शिकलेला निदान विचारतो तरी. आफ्रिकेत पन्नासच्या वर देश आहेत, आणि ‘आफ्रिकी विद्यार्थी असे असतात’ हे वाक्य म्हणजे ‘आशियाई माणूस पुरणपोळी खातो’ असं म्हणण्यासारखं आहे. मला स्वतःला साहित्य संमेलनाच्या मांडवात अजूनही कुणी भलं माणूस विचारतं, “तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता हो?” मी चिडत नाही. मी म्हणतो, “आईकडून शिकलो.” पण घानाच्या मुलीला “तुझं इंग्रजी इतकं चांगलं कसं?” असं कुणी विचारलं, की तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते मला लगेच वाचता येतं. ती इंग्रजी माध्यमातच शिकलेली असते.

दुसऱ्यांच्या चालीरीतींपेक्षा आधी आपली भाषा तपासायला शिकवावी, असं माझं मत आहे. माझा तास मी त्यावरच घालवतो. ‘बघू’ या शब्दाचा अर्थ काय? आपल्याला कळतो. ‘बघू’ म्हणजे बहुधा नाही. ‘होऊन जाईल’ म्हणजे कधी होईल ते मला विचारू नका. ‘दोन दिवसांनी या’ यातले दोन दिवस कॅलेंडरमधले नव्हेत. हीच वाक्यं आपण इंग्रजीत करून खिडकीतून बाहेर टाकतो, आणि पलीकडचा मुलगा ती शब्दशः घेतो. दोन दिवस म्हटलं म्हणून तो अठ्ठेचाळीस तासांनी हजर होतो. कारकुनाला तो उर्मट वाटतो, त्याला कारकून खोटा वाटतो. खरं तर दोघांचाही दोष नसतो. शिवाय आपले खास शब्द : बोनाफाईड, मायग्रेशन, एटीकेटी. एटीकेटीला तर आपल्याच बारावीच्या मुलाला समजायला एक सत्र लागतं. एका मुलानं ते अक्षरांचं कडबोळं म्हणजे एखादी शिक्षा आहे असं समजून आठवडाभर वसतिगृहाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

मग कायदा. हे काम तर फार बारीक. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यानं उतरल्यापासून चौदा दिवसांत परकीय नागरिक म्हणून नोंदणी करायची, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. वसतिगृहानं तो राहायला आल्याचं चोवीस तासांत कळवायचं. संस्थेनं त्याच्या प्रवेशाची आणि हजेरीची खबर द्यायची. २०१८ पासून यातलं बरंचसं ऑनलाइन झालं. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तर १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे जाऊन एकच नवा परदेशी नागरिक कायदा लागू झाला. ज्या अधीक्षकाची तीस वर्षं जुन्या कलमांवर गेली, त्याला हे नव्यानं शिकायचं आहे. आणि तो शिकला, तरी पुढच्या वर्षी निवृत्त होणार. त्याच्या शेजारी बसलेली मुलगी कंत्राटी. अकरा महिन्यांचं पत्र. अकरा महिन्यांत ती इराणी तारखा शिकते, पोलीस आयुक्तालयात कुठल्या टेबलाला काय लागतं ते शिकते, कुठला मुलगा घरच्या पैशांविना अडकलाय ते तिला कळतं. बारावा महिना लागतो आणि ती शिकलेली सारी विद्या घेऊन घरी जाते. खुर्चीवर नवी मुलगी येते आणि पहिल्या पासपोर्टवर अडखळते. संस्था परदेशातल्या शैक्षणिक मेळाव्यांना गुळगुळीत माहितीपुस्तिका घेऊन जातात. त्या खर्चातून एका कंत्राटी मुलीला कायम करता येईल का, एवढा हिशोब कुणीतरी करून पाहावा.

पुण्यापुरतं बोलायचं तर या कामाची सुरुवात एका खिडकीतूनच झाली होती. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. खिडकीतून एक मुलगी आतल्या मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केली, तेव्हा कळलं की तो मॉरिशसचा विद्यार्थी काविळीनं आजारी आहे, आणि ती त्याच्यासाठी जेवण आणत होती. परक्या गावात आजारी पडलेल्या मुलाला कुणी नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली आणि त्यातून १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ उभी राहिली. पुढे तिचं विद्यापीठ झालं, ते वेगळं. मला या गोष्टीत रस आहे तो त्या आधीच्या क्षणात. रेक्टरनं नियम दाखवून मुलीला हाकलून दिलं असतं, तरी त्याला कुणी बोललं नसतं. त्यानं चौकशी केली. ही चौकशी करण्याची सवय शिकवता येते का? मला वाटतं, येते. पण तक्त्यावरून नाही. ज्याला ती आहे, त्याच्याजवळ बसून.

घराचा प्रश्नही या खिडकीवरच येतो. वसतिगृहात जागा संपली, की मुलं बाहेर खोली शोधतात. फोनवर भाडं ठरतं, अनामत ठरते. मग नाव विचारलं जातं. नाव सांगितल्यावर पलीकडचा आवाज कसा बदलतो, हे मला कुणी शिकवायला नको. पुण्यात मी स्वतः पाच घरं बदलली आहेत. काळ्या मुलाच्या बाबतीत तर नावापर्यंतही जावं लागत नाही, दारातच निकाल लागतो. काही जाणते कर्मचारी अशा वेळी स्वतः घरमालकाकडे जातात. “मी विद्यापीठातून आलोय, हा आमचा मुलगा आहे,” असं म्हणतात. हे त्यांच्या नोकरीच्या कुठल्याच यादीत नाही. प्रवासभत्ता मिळत नाही. घरमालकाशी कसं बोलावं, कुठल्या मुद्द्यावर तो ऐकतो, पोलीस पडताळणीची त्याची भीती कशी घालवावी, ही त्यांची कमावलेली विद्या आहे. तीही त्यांच्याबरोबरच निवृत्त होते.

ऑगस्ट २०२१ आठवा. १५ तारखेला काबूल पडलं. त्यानंतर दहा दिवसांत भारत सरकारनं जाहीर केलं, की भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द, आता फक्त ई-व्हिसावर यायचं. पुण्यात शिकणारी जी मुलं करोनामुळे घरी गेली होती, ती तिकडेच अडकली. जी इथे होती, त्यांचे घरचे पैसे थांबले. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिल्लीतल्या दूतावासातल्या जुन्या पथकानं काम कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं, तेव्हा पासपोर्टच्या नूतनीकरणाचा घोर आणखी वाढला. त्या दिवसांत एका कक्षातला कर्मचारी रोज रात्री मुलांच्या ऑनलाइन परीक्षेच्या वेळा काबूलच्या विजेच्या वेळांशी जुळवत बसायचा. त्यानं कुणाची परवानगी घेतली होती, मी विचारलं नाही.

आता एक प्रसंग सांगतो, आणि तो सांगताना मला जपून सांगावा लागेल.

सुदानचा एक मुलगा. दुचाकीच्या अपघातात रात्री गेला. कक्षातल्या एका गृहस्थांना रुग्णालयातून फोन आला, कारण मुलाच्या खिशातल्या ओळखपत्रामागे त्यांचाच नंबर होता. वय पन्नाशीचं, मूळ आस्थापना विभागातले, बदलीनं या कक्षात आलेले. पुढचे सहा दिवस त्यांनी काय केलं, ते ऐका. शवविच्छेदन, पोलिसांचं ना हरकत पत्र, मृत्यूचा दाखला, दूतावासाशी पत्रव्यवहार. पार्थिव विमानानं पाठवायचं तर एम्बामिंगचं प्रमाणपत्र लागतं, शवपेटीचं लागतं, पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो, हे त्यांना एकेका टेबलावर कळत गेलं. आणि सगळं होत आल्यावर लक्षात आलं, की पाठवायचं कुठे? सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध पेटलेलं, खार्टूमचा विमानतळ बंद. आईवडील घर सोडून कैरोला आलेले. अखेर वडिलांनी निरोप दिला, तिथेच दफन करा.

त्या निरोपाच्या फोनसाठी या गृहस्थांनी मला रात्री बोलावून घेतलं. त्यांना वाटलं, मला अरबी येत असेल. मला अरबी येते ती नमाजापुरती आणि दुआपुरती. तसं मी सांगितलं. तरी बसा म्हणाले. एक सुदानी मुलगा दुभाष्याचं काम करत होता, पण तोच रडू लागला आणि बोलणं थांबलं. मग मृत्यूची वार्ता ऐकल्यावर आमच्याकडे जे शब्द म्हणतात, ते मी म्हटले. पलीकडून वडिलांनी तेच शब्द म्हटले. पुढे बराच वेळ कुणी काही बोललं नाही. या गृहस्थांनी फोन हातात धरून ठेवला होता. ते गावाकडचे वारकरी, गळ्यात माळ. दुसऱ्या दिवशी कबरस्तानात माती द्यायला ते आले, चपला कुठे काढायच्या ते हळूच विचारलं, आणि सगळं आटोपल्यावर कबरीचा फोटो काढून कैरोला पाठवला. त्यावर नाव नीट वाचता येतंय ना, हे त्यांनी दोनदा मोठं करून पाहिलं. मुलाचं, बापाचं, आजोबांचं, तिन्ही नावं.

सोमवारी ते खिडकीवर होते. कक्षाच्या वार्षिक अहवालात या सहा दिवसांची नोंद एका ओळीत आहे : ‘आकस्मिक प्रकरणे, निकाली : १’. त्यांना कुणी विचारलं नाही, झोप लागते का. नर्सला, पोलिसाला मरणाशी कसं वागावं हे थोडंफार तरी शिकवतात. या माणसाकडून आपण ते फुकट आणि न शिकवता करून घेतलं.

मी खूप मोठी मागणी करत नाही. दरवर्षी नवी मुलं येण्याआधी जुन्या आणि नव्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवा, पण व्याख्यानाला नव्हे, खऱ्या फायली उघडून. एका गावातल्या पाच-सहा संस्थांचे कक्ष महिन्यातून एकदा भेटू द्या, चहाचा खर्च मी देतो. बदल्या करताना हा कक्ष वगळा. आणि ज्याला तीन भाषांतून दिलासा देता येतो, त्याच्या सेवापुस्तकात ते लिहायची एक ओळ असू द्या.

यंदाच्या जूनमधल्या प्रशिक्षणात मी माझा तास कमी करून घेतला आणि त्या गृहस्थांना बोलायला लावलं. ते उभे राहिले, पण त्यांना बोलता येईना. मग त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली, किराणा दुकानात असते तशी. तीत त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं : रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान, शववाहिका, कबरस्तानाचे विश्वस्त, ख्रिस्ती दफनभूमीचे फादर, मुंबईतल्या वकिलातींत दुपारनंतर फोन उचलणारी माणसं, हलाल मेस, उपवासाच्या दिवसांत पहाटे जेवण देणारी खानावळ, परदेशी कार्ड चालणारं एटीएम, भाड्यानं खोली देणारे आणि नाव ऐकून आवाज न बदलणारे अकरा घरमालक. सगळं मराठीत, निळ्या शाईत. वही हातोहात फिरली. लोक मोबाइलवर पानांचे फोटो काढू लागले. 

मागच्या बाकावर एक नवी मुलगी होती, अकरा महिन्यांच्या पत्रावर आलेली. तिनं हात वर केला. “सर, ओळखपत्रामागे आता माझा नंबर छापणार आहेत. माझी ड्युटी साडेपाचपर्यंत आहे. रात्री फोन आला, तर उचलायचा का?”

ते गृहस्थ तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकारी म्हणाले, “बघू.”